परवानगीचं प्रेम

चेतन भगत यांची 'टू स्टेट्स' ही इंग्रजी कादंबरी २००९ साली आली. धो धो खपली. २०१४ साली तिच्यावर हिंदी सिनेमा निघाला, तोही चालला. आपल्यातल्या लिहित्या मंडळींनी मात्र तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. असल्या पुस्तकावर काय लिहायचं, असा भाव. प्रस्थापित समीक्षकांनीही नाकं मुरडली, पण त्यांचं कारण वेगळं होतं : भाषा बाळबोध, वाङ्मयीन दर्जा नाही. ही दर्जाची काठी आपल्या पाठीवर किती वेळा पडली, ते आपल्याला ठाऊक आहे. तीच काठी उचलून आपण दुसऱ्याला हाणावी, हे मला पटत नाही.

आणि दुसरं असं की, वस्तीतल्या, वसतिगृहातल्या कितीतरी पोरापोरींनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं पहिलं इंग्रजी पुस्तक भगत यांचंच असतं. फूटपाथवर मिळतं. शंभराच्या नोटेत येतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन बसावं लागत नाही. पानं सुटलेली एक प्रत सहा खोल्यांत फिरते. जे पुस्तक आपली पोरं वाचतात ते आपण वाचलंच पाहिजे. ती त्यातून इंग्रजी शिकतात, चांगलं आहे, शिकोत. पण इंग्रजीबरोबर आणखी काय शिकतात, हे विचारायला नको?

गोष्ट थोडक्यात सांगतो. क्रिश मल्होत्रा हा दिल्लीचा पंजाबी पोरगा, आयआयटी झालेला. अनन्या स्वामिनाथन ही चेन्नईची तमिळ ब्राह्मण मुलगी. अहमदाबादच्या आयआयएममध्ये मेसच्या रांगेत, सांबारावरून गाठ पडते. जवळीक होते, दोघांना नोकऱ्या लागतात, लग्न करायचं ठरतं. खरी गोष्ट तिथून पुढं सुरू होते. कारण दोघांचा एक निश्चय आहे : पळून जायचं नाही. रजिस्टर लग्न उरकून मग घरी पेढे पाठवायचे नाहीत. दोन्हीकडचे आईबाप लग्नात हसत उभे राहिले पाहिजेत. ते हसेपर्यंत थांबायचं.

मग क्रिश नोकरीसाठी चेन्नई मागून घेतो. पोरीच्या भावाला पहाटे उठून आयआयटीच्या परीक्षेची शिकवणी देतो. बापाला काँप्युटरवर साहेबापुढं ठेवायचं प्रेझेंटेशन करून देतो. आईला गाण्याचा नाद, पण गुरू दारात उभं करीत नाहीत. तिला बँकेच्या कार्यक्रमात मोठमोठ्या गवयांच्या शेजारी उभं करतो. शेवटी अंगठ्या आणून सगळ्या घरालाच मागणी घालतो. घर विरघळतं. मग पोरीची पाळी. ती दिल्लीला येते. क्रिशच्या मामेबहिणीच्या लग्नात नवऱ्याकडचे ऐनवेळी मोठ्या मोटारीवर अडून बसतात. ही पुढं होते, नवरदेवाला चार शब्द सुनावते, मोडणारं लग्न वाचतं. तिकडचंही घर थोडं विरघळतं. पुढं गोव्यात दोन्ही घरं एकत्र येतात, मानापमान होतात, सगळं फिसकटतं. मग क्रिशचा बाप, ज्याच्याशी पोराचं वर्षानुवर्षं वाकडं आहे, तो गुपचूप चेन्नईला जाऊन तुटलेलं सांधून येतो. लग्न लागतं. जुळी पोरं होतात. पुस्तक लेखकानं आपल्या सासुरवाडीला अर्पण केलं आहे. गोष्ट बरीचशी त्यांच्याच लग्नावर बेतलेली, तेव्हा ते शोभूनही दिसतं.

वाचताना हसू येतं. खोटं कशाला बोलायचं? दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचे चाळे लेखकानं नीट टिपले आहेत. हुंड्याच्या मोटारीचा प्रसंग तर आपल्याकडच्या कुठल्याही मांडवात घडावा असा आहे. मद्रासी माणसांच्या रंगावरून केलेले विनोद मात्र मला अजिबात गिळवले नाहीत. ज्यांना रंगावरून जन्मभर ऐकून घ्यावं लागलं त्यांनाच ते विनोद कुठं टोचतात ते कळेल.

आता नावाकडं बघा. 'टू स्टेट्स'. दोन राज्यं. पंजाब आणि तमिळनाडू. भांडण कशाचं, तर पराठा आणि इडलीचं, भांगड्याचं आणि कर्नाटक संगीताचं. ओळख करून देताना ती आपण तमिळ ब्राह्मण आहोत म्हणून सांगते, थट्टेच्या सुरात. ब्राह्मण असून कोंबडी खाते, बिअर पिते, हा तिचा पुरोगामीपणा. तो काय सांगतो? मी पंजाबी. तिनं जात सांगितली, त्यानं प्रांत सांगितला, आणि कुणाला काही खटकलं नाही. पुस्तकाची सगळी गोम इथं आहे. मल्होत्रा हे खत्र्यांचं आडनाव. त्याला कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही, म्हणून त्याला प्रांत पुरतो. आपल्या पोराला पुरतो का? 'मी मराठवाड्याचा' म्हणालं की लगेच पुढचा प्रश्न. मराठवाड्यात कुठले? गाव सांगितलं की, गावात कुठल्या आळीला? मग आडनाव. आडनावावरून उलगडा झाला नाही तर देव कुठला, घरात फोटो कुणाचा. बाबूराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचं नावच 'जेव्हा मी जात चोरली होती' असं आहे. क्रिशला जात चोरावी लागत नाही. ती त्याच्या खिशात चलनी नाण्यासारखी असते. न बघता घेतली जाते.

राज्यांच्या सीमा १९५६ साली भाषेवरून आखल्या गेल्या, पुढं बदलल्याही. त्या ओलांडायला रेल्वेचं तिकीट पुरतं. दोन राज्यांतल्या सवर्ण घरांचं भांडण हे दोन वाड्यांचं भांडण आहे. ते मिटतं, आणि मिटल्यावर भारत एक झाला म्हणून टाळ्या वाजतात. कादंबरीच्या शेवटी जुळ्यांच्या बाबतीत लेखक तेच म्हणवून घेतो : ही पोरं ना पंजाबची ना तमिळनाडूची, भारत नावाच्या राज्याची. वाक्य ऐकायला गोड आहे. त्या राज्यात गावकुसाबाहेरचा भाग धरला आहे की नाही, तेवढं कळत नाही.

पण जात लपवली एवढाच माझा आक्षेप असता तर मी कागद खराब केला नसता. तो आक्षेप आपण झोपेतसुद्धा घेऊ शकतो. मला खुपतो तो या कादंबरीचा नीतिविचार. होय, हलक्याफुलक्या पुस्तकातसुद्धा नीतिविचार असतो, आणि तो हसता हसता आत जातो म्हणून जास्त खोल जातो. ही कादंबरी म्हणते, परवानगी कमवावी लागते. जो आईबापांचं मन जिंकतो त्याचं प्रेम खरं. जो थांबतो तो चांगला मुलगा, जी थांबते ती चांगली मुलगी. मग जे पळून जातात ते कोण? उतावळे. स्वार्थी. आईबापांना रडवणारे.

जरा थांबून विचार करा. शिकवणीचा उपयोग झाला नसता तर? त्या भावाचं डोकं गणितात चाललं नसतं, बापाच्या साहेबाला ते प्रेझेंटेशन आवडलं नसतं, आईचा आवाज स्टेजवर फुटला नसता, तर क्रिशचा अनन्यावरचा हक्क कमी झाला असता का? अनन्याचा क्रिशवरचा? उपकारातून मिळणारी परवानगी ही मजुरी झाली. काम चोख केलं, दाम मिळाला. आणि हक्क जर कामाच्या बदल्यात मिळत असेल तर त्याला हक्क कशाला म्हणायचं? 'गुणवत्ता' हा शब्द आपल्या तोंडावर किती वर्षं फेकला जातो आहे. शाळेत गुणवत्ता, नोकरीत गुणवत्ता. या पुस्तकात लग्नालासुद्धा प्रवेशपरीक्षा आहे. फरक इतकाच की, या परीक्षेचं हॉलतिकीट काहीच जणांना मिळतं.

ज्यांना हॉलतिकीटच मिळत नाही त्यांचं काय होतं? सिनेमा १८ एप्रिल २०१४ ला लागला. दहा दिवसांनी, २८ एप्रिलला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात, खर्ड्याला आपला सतरा वर्षांचा पोरगा मारला गेला. मराठा घरातल्या मुलीशी बोलतो, एवढ्यावरून. दिवसाढवळ्या मारहाण करीत नेला, झाडाला लटकलेला मिळाला. त्याचं नाव तुम्हां सगळ्यांना पाठ आहे. पुढं साक्षीदार उलटले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात आरोपी निर्दोष सुटले. या पोरानं कुणाच्या भावाची शिकवणी घ्यायला हवी होती? कुणाच्या बापाला कोणतं प्रेझेंटेशन करून द्यायला हवं होतं? मन जिंकायला आधी ओसरीवर तरी चढता आलं पाहिजे.

कुणी म्हणेल, हलक्या पुस्तकाकडं तुम्ही फार मागता. खर्डा त्यात कसा येईल? मी तो मागत नाही. श्रीमंत पोरांनी आपल्या प्रेमाच्या गोष्टी लिहाव्यात, खुशाल लिहाव्यात. पण त्यांच्या घरात जे सोयीचं, ते सगळ्या प्रेमिकांना लागू होणारं शील म्हणून विकलं जातं, त्याला माझी हरकत आहे. वसतिगृहातलं आपलं पोरगं हे वाचतं आणि मनाशी म्हणतं, आपणही थांबलं पाहिजे, मन जिंकलं पाहिजे. आणि मुलीकडच्यांनी दारात उभं केलं नाही की म्हणतं, आपणच कुठं तरी कमी पडलो. ही कमीपणाची भावना त्याच्यात कुणी घातली? अपमान त्यांनी करायचा आणि नापास झाल्याची लाज यानं बाळगायची, हा कुठला न्याय!

तमिळ मुलुखाबद्दल बोलायचं तर कादंबरीतलं चेन्नई म्हणजे एक ब्राह्मण घर आणि त्याच्या आजूबाजूची माणसं. पण तोच मुलूख पेरियारांचा आहे. तिथं स्वाभिमान विवाह झाले : भटजी नाही, मंत्र नाही, अग्नी नाही, माणसांसमोर दोघांनी एकमेकांना पत्करायचं. अण्णादुराईंचं सरकार आल्यावर १९६७ साली कायद्यात दुरुस्ती करून त्या लग्नांना मान्यता दिली गेली. आपल्याकडं त्याच्या कितीतरी आधी, १८७३ साली, जोतीरावांच्या सत्यशोधक समाजानं ब्राह्मणाविना लग्न लावून दाखवलं होतं. म्हणजे क्रिश आणि अनन्या ज्या शहरात साग्रसंगीत विधीनं उभी राहतात त्या शहराला दुसरी रीत ठाऊक होती. कादंबरीला ती ठाऊक नाही. असो. आणि पेरियारांचा मुलूख म्हणून तिथं सगळं आलबेल आहे, असंही नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात धर्मपुरीजवळ एका दलित मुलानं वन्नियार मुलीशी लग्न केलं म्हणून दलितांच्या वस्त्याच्या वस्त्या जाळल्या. पुढच्या जुलैत तो मुलगा रेल्वे रुळांशेजारी मेलेला सापडला. २०१६ च्या मार्चमध्ये उडुमलपेटला भर बाजारात, बसस्टँडजवळ, शंकर नावाच्या दलित इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्याला बायकोच्या डोळ्यांदेखत तोडलं. ती कौसल्या वाचली, आणि आपल्या माहेराविरुद्ध कोर्टात उभी राहिली. टू स्टेट्स! एकाच राज्यात दोन राज्यं आहेत, हे तिला विचारा.

इतकं म्हटल्यावर एका गोष्टीबद्दल कादंबरीला न्याय दिला पाहिजे. क्रिशच्या आईचं चित्र. पुस्तकात सगळ्यात खरं माणूस कुणी असेल तर ती. नवऱ्याचा हात उठतो, जीभ त्याहून जास्त चालते. तिनं आयुष्य काढलं ते पोराच्या तोंडाकडं बघून. पोरगा म्हणजे तिची एकुलती एक कमाई. सून आपल्या मनासारखी आली तर तिच्या माहेरच्या माणसांत तिला पहिल्यांदा मान मिळेल, हा हिशेब. ती हट्टी आहे, खवचट आहे, मद्रासी म्हणून नाक मुरडते. पण तिचा हट्ट कुठून येतो ते दिसतं. नवऱ्याच्या घरात जिला कशातच 'नाही' म्हणता आलं नाही, तिला एका जागी 'नाही' म्हणायचा अधिकार मिळाला आहे आणि ती तो सोडायला तयार नाही. ही बाई आपल्या ओळखीची आहे. आपल्या चाळीत, आपल्या वस्तीत ती घरोघर आहे.

आणि इथंच प्रश्न अवघड होतो. सवर्ण बापाच्या तोऱ्याविरुद्ध लिहिणं सोपं. पण जिनं चार घरची भांडी घासून पोरीला बी.एड. केलं, जिनं पोराच्या फीसाठी कानातलं मोडलं, ती आई जेव्हा म्हणते, 'एवढं एक माझं ऐक', तेव्हा काय करायचं? तिला सांगायचं की, बाई, तू प्रतिगामी आहेस? असली भाषा करणारा कार्यकर्ता मला आवडत नाही. तिच्या कष्टावरच तो उभा असतो.

ऋण आहे, हे कबूल केलं पाहिजे. पण ऋण कशानं फिटतं? पोरीनं पगारातून आईला घर बांधून द्यावं, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं, तिच्या म्हातारपणी उशाशी बसावं. याला ऋण फेडणं म्हणतात. स्वतःच्या जन्माचा जोडीदार हा त्या हिशेबात कसा बसतो? तो तर पोरीचा स्वतःचा जन्म आहे. कर्जापायी मुलं गहाण ठेवायची रीत सावकारीत होती. वेठबिगारीत बापाचं कर्ज पोराच्या अंगाला चिकटायचं. आपण ती रीत मोडायला लढलो. मग आईच्या मायेचं कर्ज पोरीच्या अंगाला चिकटवून तिला वेठीला धरायचं, आणि त्याला संस्कार म्हणायचं?

मला वाटतं, आशीर्वाद आणि परवानगी या दोन गोष्टी आपण एक करून टाकल्या आहेत. कादंबरीनंही त्या एक केल्या आहेत. आशीर्वाद मागावा, मिळाला तर डोळे भरून यावेत, नाही मिळाला तर दुःख व्हावं. ते दुःख खरं आहे, त्याची थट्टा नको. परवानगीचं तसं नाही. परवानगी मागितली की 'नाही' म्हणायचा अधिकार समोरच्याच्या हातात गेला. आणि 'नाही' म्हणायच्या त्या अधिकारावरच जात उभी आहे.

हे माझं नाही. बाबासाहेबांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ९ मे १९१६ ला, कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला. जात म्हणजे काय, तर जातीतल्या जातीत लग्न. बाकी सोवळंओवळं, पंगती, पाणवठा हे त्याच्या भोवतीचं कुंपण. पुढं ते फार भेदक गोष्ट मांडतात. जातीतल्या जातीत लग्नं लावायची तर बायका-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बाई 'जास्तीची' होते. तिनं जातीबाहेर जोडीदार शोधू नये म्हणून सती, म्हणून सक्तीचं वैधव्य, म्हणून पोरीला कळायच्या आत तिचं लग्न. म्हणजे जात टिकवायची किंमत बाईच्या अंगावर वसूल केली गेली. आणि १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त त्यांनी स्पष्ट सांगितलं की, सहभोजनं करून भागणार नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह. त्या भाषणासाठी ज्यांनी बोलावलं होतं त्यांनी संमेलनच रद्द केलं. जातिनिर्मूलन त्यांना हवं होतं, पण पेलेल तेवढंच.

हे एकदा समजलं की, घरातला 'मुलीनं आम्हांला विचारलं पाहिजे' हा आग्रह घरगुती राहत नाही. ते यंत्र आहे. बाप प्रेमळ असो की खवीस, यंत्र चालवतो तोच. क्रिश-अनन्यानं काय केलं? यंत्र चालवणाऱ्याला खूश करून एकदापुरतं फाटक उघडून घेतलं. फाटक तिथंच आहे. पहारेकरीही तिथंच आहे, उलट त्याचा मान वाढला, कारण एवढी शिकलेली पोरं त्याच्या पायाशी येऊन बसली.

आता आपल्या अंगणात या. बौद्ध वधू-वर मेळावे भरतात. भरोत, गरिबाची सोय होते. पण मंचावर बाबासाहेबांचा फोटो आणि हातात बायोडाटा, त्यात उंची, पगार, आणि खाली बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते वाचा. बौद्ध मुलगी मातंग मुलाशी लग्न करते म्हटलं की, मेळाव्याचे आयोजकच तिच्या बापाला सल्ला द्यायला जातात. मातंग घरातही तेच, चर्मकार घरातही तेच. प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी सापडतं. आणि कारणं तीच, जी अनन्याच्या घरात ऐकू आली : त्यांच्या चालीरीती वेगळ्या, बोलणं वेगळं, समाजात तोंड कसं दाखवायचं. या देशात जातीबाहेर होणारी लग्नं पाहण्यांमधून शेकडा पाचाच्या आसपास भरतात. उरलेल्या पंच्याण्णवांत आपणही आहोत.

मुलगी सवर्णाच्या घरात जाणार असेल तेव्हा आपल्या आईबापांना वाटणारी भीती मात्र मी या हिशेबात धरणार नाही. तो तिला टाकील, तिच्या हातचं खाणार नाहीत, पोरांना आजोळ सांगू देणार नाहीत, ही भीती अनुभवातून आलेली आहे. ती पोरीला सांगितलीच पाहिजे, स्पष्ट, नावागावासकट सांगितली पाहिजे. सांगून झाल्यावर निर्णय तिचा. आणि पुढं खरंच त्यानं टाकलं तर माहेरचं दार उघडं आहे, हेही त्याच बैठकीत सांगितलं पाहिजे. 'आमचं ऐकलं नाहीस, आता भोग' असं म्हणणारा बाप आणि तिला टाकणारा नवरा, दोघांत मला फारसा फरक दिसत नाही.

चळवळीतल्या पोरांचं एक बोलतो. राग येईल, येऊ द्या. जातिनिर्मूलनावर तासभर बोलणारा कार्यकर्ता स्वतःच्या लग्नाची वेळ आली की, क्रिश होतो. 'घरच्यांचं मन मोडवत नाही.' 'बहिणीची लग्नं व्हायची आहेत.' 'समजावतो आहे, वेळ लागेल.' वेळ लागतो. दोन वर्षं, चार वर्षं. तोवर पोरीला घरचे उजवून टाकतात, आणि हा दुसऱ्या वर्षी मेळाव्यातली मुलगी करतो. क्रिशचं थांबणं गोड झालं, कारण लेखकाच्या हातात शेवट होता. अनन्याला नोकरी होती, वेगळं शहर होतं, थांबायची ऐपत होती. तालुक्याच्या गावात बारावी झालेली पोरगी किती थांबणार? तिच्यासाठी थांबणं म्हणजे हरणं. आपल्या थांबण्याची किंमत कोण मोजतंय, हे त्या कार्यकर्त्यानं बघायला नको का?

कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवतो, कारण तो आपल्यातल्या फार थोड्यांना नीट ठाऊक आहे. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना निवडलं तर घरच्यांची, जातीची, गावाची संमती लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१८ च्या निकालात साफ म्हटलं आहे. विशेष विवाह कायदा १९५४ चा. मुलगा एकवीस, मुलगी अठरा. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, ती फलकावर लागते, तीस दिवस हरकतीची वाट बघायची. हरकत कुणीही घेऊ शकतो, पण वय, आधीचं लग्न, जवळचं नातं, वेडसरपणा असल्या ठरावीक कारणांवरच. आईबापांना पसंत नाही, हे हरकतीचं कारण त्या कायद्यात नाही. बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं तेही नोंदणीचंच. मुहूर्त नाही, वाजंत्री नाही.

पण कायद्यात पसंतीचा रकाना नसला तरी फलकावर नोटीस असते. त्या तीस दिवसांत ती वाचणारे वाचतात. कुणाची पोरगी, कुणाचं पोरगं, पत्ता काय, सगळं तिथं लिहिलेलं. कादंबरीत दोघांना अडचण पडते ती मन वळवण्याची. आपल्या पोरांना अडचण पडते ती हे तीस दिवस जिवंत काढण्याची. मुलीनं राहायचं कुणाकडं? मुलाच्या घरावर माणसं चालून आली तर वस्तीनं काय करायचं? पोलीस ठाण्यात आधी अर्ज कुणी नेऊन द्यायचा आणि पोच घेऊन कुणी यायचं?

आणि तीस दिवस निघाले तर सहीसाठी साक्षीदार लागतात तीन. क्रिश-अनन्याच्या मांडवात माणसं मावत नव्हती. इथं तीन पुरतात. ओळखपत्र खिशात घेऊन, कामाचा खाडा करून, सकाळी दहाला कचेरीच्या दारात उभी राहणारी आणि संध्याकाळी कुणी विचारलं तर 'होय, मी सही केली' म्हणणारी तीन माणसं. तुमच्या शाखेच्या वहीत अशी किती नावं निघतात, ते पुढच्या बैठकीत मोजा. एखादी खोलीही बघून ठेवा.